मोटरहोमने दक्षिण स्पेन: आधी रात्र ठरवा, मग दिवस

मे महिना लागला की माझ्याकडे फोन सुरू होतात. कुणी मुंबईहून मालागाचं तिकीट काढून बसलेलं असतं, कुणी जर्मनीतून किंवा नेदरलँड्समधून खाली उतरणार असतं. प्रश्न ठरलेला: "सेविया, कोर्दोबा, ग्रानादा, रोंदा, आठ दिवसांत बसतंय ना सगळं?" नकाशावर बसतं. परत आल्यावर हेच लोक सांगतात की रात्री दोनपर्यंत झोप नव्हती, फ्रीजमधलं दूध नासलं, पोरं कावली आणि ग्रानादाच्या अल्हंब्रा राजवाड्याच्या दारात पोचेपर्यंत अंगात त्राण उरलं नव्हतं.

चूक बहुतेकांची एकच असते. हॉटेलच्या सहलीसारखी आधी शहरं ठरवायची आणि मुक्काम त्यांच्यामागे फरफटत न्यायचा. हॉटेलच्या भिंती जाड असतात, खोलीत एसी असतो. मोटरहोम म्हणजे चाकांवरचा पातळ डबा. दिवसभर उन्हात उभा राहिला की मध्यरात्रीपर्यंत धग सोडत नाही. म्हणून उन्हाळ्यात क्रम उलटा धरायचा: रात्र कुठे काढायची ते आधी, मग वीज, मग गाडी, आणि बघायची ठिकाणं सगळ्यात शेवटी.

## १. महिना निवडा आणि तिथलं घड्याळ समजून घ्या

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि नंतर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर, हे मोटरहोमचे खरे दिवस. फक्त ईस्टरचा आठवडा आणि सेवियाची वसंतातली जत्रा टाळा. त्या दिवसांत गाडी लावायला जागा मिळत नाही.

शाळेच्या सुट्टीमुळे जुलै-ऑगस्टच हाती असेल, तर ग्वादलकिवीर नदीचं खोरं, म्हणजे कोर्दोबा, एसिखा आणि सेविया, बेतातून काढा किंवा एका रात्रीपुरतं ठेवा. सेवियाचं जुलैमधलं सरासरी कमाल तापमान ३६ अंशांच्या आसपास असतं आणि चाळिशी ओलांडणं नेहमीचं. एसिखाला स्पेनमध्ये 'अंदालुसियाचा तवा' म्हणतात; अंदालुसिया म्हणजे हा सगळा दक्षिण प्रदेश. २०२१च्या ऑगस्टमध्ये कोर्दोबा प्रांतात पारा ४७च्या वर गेला होता. विदर्भातल्या मंडळींना या आकड्यांचं काही वाटत नाही, मला ठाऊक आहे. पण अकोल्याच्या घरात कूलर असतो आणि घराला भिंती असतात.

सेविया भाजत असताना सव्वाशे किलोमीटरवर कादिझच्या किनाऱ्यावर पारा अठ्ठावीसच्या आसपास असू शकतो. सिएरा नेवादा डोंगररांगेच्या दक्षिण उतारावरचं त्रेवेलेस गाव सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. तिथे जुलैत रात्री पांघरूण लागतं. रात्रीसाठी पर्याय असे दोनच: समुद्राचा वारा किंवा डोंगराची उंची.

आता घड्याळ. इथे आपले लोक हमखास फसतात. स्पेन भौगोलिकदृष्ट्या पश्चिमेला असून घड्याळ मध्य युरोपचं वापरतो, त्यात उन्हाळ्यात एक तास आणखी पुढे. त्यामुळे कोर्दोबात सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी सव्वादोन-अडीचच्या सुमारास. सगळ्यात जास्त तापतं ते पाच ते सात या वेळात आणि जूनच्या अखेरीस सूर्य मावळतो पावणेदहाला. "चारला उन्हं कलली की निघू" हा आपला हिशेब तिथे लावलात, तर ऐन भट्टीत बाहेर पडाल. भटकंती सकाळी दहापर्यंत आणि रात्री साडेआठनंतर. मधला वेळ सावली, पोहण्याचा तलाव आणि झोप.

तपासा: निघण्याआधी आठवडाभर प्रत्येक मुक्कामाचं दिवसाचं कमाल तापमान बघू नका, रात्रीचं किमान बघा. किमान २२च्या वर असेल, तर एसीशिवाय तिथे झोपायचं नाही.

## २. गाडी बुक करताना विचारायचे प्रश्न

'एसी आहे' या शब्दांवर विश्वास ठेवू नका. प्रत्येक मोटरहोमला चालकाच्या भागात एसी असतो आणि तो इंजिन चालू असेपर्यंतच चालतो. तुम्हाला हवा तो छतावरचा, राहण्याच्या भागाचा एसी. भाड्याच्या बऱ्याच गाड्यांत तो नसतोच. असला तरी बाहेरची २३० व्होल्ट वीज जोडल्याशिवाय चालत नाही. सोलर पॅनेल आहे म्हणून एसी चालेल, ही समजूत मनातून काढून टाका.

दुसरा प्रश्न फ्रीजचा. कॉम्प्रेसरवर चालणारा असेल तर उत्तम, उन्हाला बरा टिकतो. गॅस, १२ व्होल्ट आणि २३० व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा असेल, तर तो उष्णतेवरच चालणारा फ्रीज आहे. पस्तिशीच्या पुढे हवा गेली की धापा टाकतो. तो मिळाला तरी बिघडत नाही, पण गाडी उभी करण्याचं शास्त्र मग पाळावंच लागतं. ते आठव्या टप्प्यात आहे.

तिसरं, लांबी. सात मीटरचं सुंदर घर वेबसाइटवर मोहात पाडतं. चौघांसाठी सहा मीटरची गाडी पुरते आणि डोंगरांतल्या पांढऱ्या रंगाच्या गावांच्या वळणांवर ते एक मीटर सोन्याच्या भावाचं ठरतं.

चौथं, एकूण वजन ३.५ टनांच्या आतच हवं. साध्या कारच्या परवान्यावर तेवढंच चालवता येतं. भारतातला आपला हलक्या वाहनाचा परवाना याहून जड गाडीला चालतो, ही गोष्ट तिथे उपयोगाची नाही.

## ३. कागद

भारतातून येणाऱ्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. एक वर्ष चालतो. मूळ परवाना सोबत ठेवा, नुसता आंतरराष्ट्रीय उपयोगाचा नाही. अनामत रकमेसाठी मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. फॉरेक्स कार्ड काउंटरवर नाकारलं गेलं म्हणून दोन तास खोळंबलेलं कुटुंब मी पाहिलं आहे.

शेंगेन व्हिसाला प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा द्यावा लागतो. 'मोटरहोममध्ये झोपणार' एवढ्याने भागत नाही. कॅम्पिंगची, म्हणजे गाडी लावून राहायच्या तळांची, आरक्षणं प्रवाशांच्या नावांसह जोडा. आणि तारिफाहून समोर मोरोक्को दिसतं म्हणून फेरीत बसू नका: एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल, तर परतीचं दार बंद होतं.

## ४. रात्रींची साखळी आखा

कागदावर फक्त रात्री लिहा. मालागाहून निघून मालागाला परत, दहा रात्रींचा हा माझा नेहमीचा आराखडा:

पहिली रात्र विमानतळापासून तासाभराच्या आत, तोर्रे देल मारच्या बाजूला किनाऱ्यावर. गाडी दुपारी उशिरा हातात येते; त्या दिवशी लांब जाणं म्हणजे अनोळखी गाडी, उलट्या बाजूचा रस्ता आणि अंधार, तिन्ही एकदम अंगावर घेणं. दुसरी आणि तिसरी रात्र आल्पुहारा डोंगरात, ओर्हिवाच्या वर. चौथी-पाचवी ग्रानादाजवळ, ला झुबियाच्या बाजूला. सहावी कोर्दोबा, पण हवा बरी असेल तरच. सातवी आणि आठवी कादिझच्या उपसागराकाठी, एल पुएर्तो दे सांता मारियात. नववी तारिफा. दहावी मालागाच्या अलीकडे.

सेविया यात दिसत नाही, कारण ती मी एल पुएर्तोहून रेल्वेने करतो. साडेआठशे-पावणेनऊशे किलोमीटरचा फेरा आणि कुठल्याही दिवशी अडीच तासांपेक्षा जास्त गाडी चालवणं नाही. मोटरहोमचे अडीच तास कारच्या चार तासांइतके थकवतात.

उन्हाची लाट आली तर कोर्दोबाची रात्र डोंगरात घालवायची. त्यासाठी आल्पुहारातल्या एका कॅम्पिंगचा पत्ता आधीच शोधून ठेवा.

सावध: जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरची कॅम्पिंग आठवडे आधी भरतात. आरक्षण करताना 'सोंब्रा' म्हणजे सावली, आणि 'लूझ' म्हणजे वीज, हे दोन शब्द लिहा. वीज किती अँपिअरची, तेही विचारा. ६ आणि १० यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

## ५. गाडी ताब्यात घेताना

काउंटरवरचा माणूस पंधरा मिनिटांत सगळं दाखवून मोकळा होतो. तुम्ही तास घ्या. मोबाइलवर चारही बाजूंचं चित्रण करा आणि हात उंच करून छताचंही घ्या. फांद्यांचे जुने ओरखडे तिथे असतात आणि बिल नव्या भाडेकऱ्याच्या नावावर फाटतं. मग पुढची प्रत्येक गोष्ट स्वतःच्या हाताने करून बघा:

- फ्रीज तिन्ही पद्धतींवर चालू करणं. आधीच्या रात्रीपासून चालू ठेवायला सांगितलं होतं का? गरम फ्रीज थंड व्हायला दिवस जातो.
- शौचालयाची पेटी बाहेर काढून परत बसवणं.
- सांडपाण्याची चावी कुठे आहे, ती बंद आहे का.
- विजेची केबल, निळा तीन-दांड्यांचा प्लग, आणि साध्या युरोपीय सॉकेटसाठी जोड. जुन्या कॅम्पिंगमध्ये हा जोड लागतो.
- चाकाखालच्या पाचरी आणि समतल करायचे रॅम्प.
- पुढच्या काचेचं उष्णतारोधक आवरण. काचेच्या बाहेरून लावायचं असेल तर उत्तम. आतून लावलेलं आवरण काच तापल्यावर निम्मंच काम करतं.
- टायरची हवा. मोटरहोमच्या टायरात पाच बारच्या आसपास हवा असते, कारच्या दुप्पट. नेमका आकडा दाराजवळच्या पट्टीवर असतो. टायरच्या कडेवरच्या चार अंकांतले शेवटचे दोन म्हणजे बनावटीचं साल.

१ जानेवारी २०२६पासून स्पेनमध्ये नोंदलेल्या गाड्यांना, गाडी बंद पडल्यावर मागे ठेवायच्या त्रिकोणांऐवजी, व्ही-१६ हा लुकलुकणारा दिवा बाळगणं सक्तीचं आहे. तो कुठे ठेवलाय ते बघा. तो लोहचुंबकाने चिकटतो, आणि मोटरहोमचं छत बहुधा फायबरचं असतं. अशा वेळी चालकाच्या दाराच्या पत्र्यावर लावा.

तपासा: गाडीची उंची मीटरमध्ये एका चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. साधारण २.९ ते ३.२ भरते. किनाऱ्यावरच्या कित्येक पार्किंगला दोन मीटरच्या आसपास आडवा दांडा असतो, आणि सुपरमार्केटच्या तळघरात जायचा मोह जागा दिसली की होतोच.

## ६. सामान आणि स्वयंपाक

३.५ टनांच्या गाडीत माणसं, पाणी आणि सामान मिळून चारशे-पाचशे किलोंची सोय असते. चार माणसांचेच अडीचशे गेले. पाण्याची टाकी शंभर लिटरची, म्हणजे शंभर किलो. प्रवासात वीस-तीस लिटर पुरे. उरलेलं मुक्कामावर भरा. मागच्या डिकीत तांदळाची दहा किलोंची पिशवी आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके कोंबलेत, तर मागचं टोक जड होऊन पुढची चाकं हलकी होतात, आणि तारिफाच्या वाऱ्यात ते स्टिअरिंगमध्ये जाणवतं.

छोटा कुकर न्याच. सकाळी आठला वरण-भात आणि बटाटे एकदम उकडून घेतले की दिवसभर आत शेगडी पेटवायला नको. फोडणी बाहेर, कॅम्पिंगची परवानगी असेल तर एका बर्नरच्या शेगडीवर, ऑनिंग (गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत) गुंडाळून. आत दिलेली हिंगाची फोडणी पडद्यांना धरून बसते आणि परतताना साफसफाईचा दंड होतो. कढईतलं तेल मोरीत ओतू नका. आधी कागदाने पुसा. उन्हाने तापलेल्या सांडपाण्याच्या टाकीत दोन दिवसांचं तेल आणि डाळ काय करतं, ते मी वर्णन करून सांगत नाही.

सावध: १ जून ते १५ ऑक्टोबर या काळात अंदालुसियात रान आणि डोंगर भागात चूल, शेकोटी, कोळशाची शेगडी यांना बंदी असते. यात कुणी गंमत म्हणून सूट देत नाही.

## ७. रस्त्यावर

मालागा ते कादिझ-सेवियाच्या पट्ट्यात बहुतेक रस्ते फुकट आहेत. ए-७, ए-४५, ए-९२ यांना टोल नाही. सेविया-कादिझचा एपी-४ हा १ जानेवारी २०२०पासून मोफत झाला. टोल लागतो तो कोस्ता देल सोलवरच्या एपी-७ला आणि मालागाच्या उत्तरेच्या एपी-४६ला. ऑगस्टच्या शनिवारी एपी-७चा टोल भरा, फुकटच्या ए-७वर तासभर भाजून निघण्यापेक्षा स्वस्त पडतो.

३.५ टनांपर्यंतच्या मोटरहोमला द्रुतगती मार्गावर १२०, साध्या रस्त्यावर ९०ची मर्यादा आहे. तुम्ही ९५ आणि ८० धरा. शहरात ज्या रस्त्यावर प्रत्येक दिशेला एकच पट्टा, तिथे ३०. सायकलवाल्याला ओलांडताना दीड मीटर अंतर आणि गती कमी, हे कायद्याने बंधनकारक आहे. डोंगरात सायकलवाले भरपूर भेटतात आणि जोडीने चालवायचा त्यांना हक्क आहे. हॉर्न वाजवू नका.

डिझेल भरताना नावाचा सापळा आहे. 'गासोलेओ' म्हणजे डिझेल आणि 'गासोलिना' म्हणजे पेट्रोल. घाईत दोन्ही एकच वाचलं जातं. चौकटीतला बी-७ बघा, ते डिझेल. गोल चिन्ह पेट्रोलचं. निळ्या झाकणात अ‍ॅडब्ल्यू, म्हणजे धूर स्वच्छ करणारं द्रावण, जातं, डिझेल नाही. पंपात शिरण्याआधी गॅसवरचा फ्रीज बंद करा, त्याच्यात ज्योत असते.

मोबाइलचा नकाशा तुम्हाला कार समजतो आणि जवळचा रस्ता म्हणून गल्लीत घुसवतो. सेतेनिलमध्ये घरांवर अख्खा कडा रस्त्यावर झुकलेला आहे. आर्कोसच्या जुन्या गावात भिंतींवर आरशांच्या खुणा आहेत. दोन्हीकडे गाडी वेशीबाहेर, पुढे पायी. रोंदालाही तेच. सान पेद्रोहून रोंदाला चढणारा ए-३९७ रस्ता रुंद आहे, पण वळणं संपत नाहीत. मागे बसलेल्यांना ओकारीची गोळी आधी द्या. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

वळताना गाडीचं मागचं टोक बाहेर फेकलं जातं, हे कारवाल्यांच्या लक्षात येत नाही. पंपाचा खांब जवळ असताना लगेच स्टिअरिंग पूर्ण फिरवू नका. आणि रिव्हर्स घेताना एकाने खाली उतरायचंच. आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरची पद्धत आहे: पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. 'थोडं डावीकडे' हे कुणाचं डावं, यावरून होणारी भांडणं वाचतात.

सावध: हमरस्त्यावर शेजारून जाणारा कुणी तुमच्या टायरकडे बोट दाखवून थांबायला सांगत असेल, तर थांबू नका, पुढच्या गजबजलेल्या पंपावर जाऊन बघा. चोरीची ही जुनी युक्ती आहे. द्रुतगती मार्गाच्या विश्रांतीतळावर रात्री झोपूही नका.

## ८. मुक्कामावर पोचल्यावर: हा क्रम मोडू नका

माझ्या पहिल्या खेपेला कोर्दोबाच्या कॅम्पिंगमध्ये दुपारी एकला पोचलो. एका झाडाची दाट सावली दिसली, गाडी तिच्यात घातली, खूश झालो. सहाला फ्रीज उघडला तर आतलं थर्मामीटर १६ दाखवत होतं. श्रीखंडाचं पाणी झालेलं. बाहेर येऊन बघितलं तर सावली निघून शेजारच्या जागेत गेली होती आणि उन्हाचा झोत नेमका फ्रीजच्या मागच्या जाळ्यांवर. शेजारचे वयस्क डच गृहस्थ खुर्चीतून उठले, काही न बोलता पश्चिमेकडे हात लांब केला आणि तो सावकाश उजवीकडे, उत्तरेच्या अंगाला फिरवला: इथून इथपर्यंत, दहापर्यंत. गाडी वळवून उलटी लावली. सकाळी सातला तेच थर्मामीटर ६वर होतं.

तेव्हापासूनचा क्रम हा:

क) आधी चालत जा. गाडी वाटेत उभी करा आणि जागा पायी बघून या. आता सावली कुठे आहे ते बघू नका. झाड जागेच्या पश्चिमेला आहे का ते बघा. फांद्यांची उंचीही बघा.

ख) दिशा. फ्रीजच्या जाळ्या पूर्वेला किंवा उत्तरेला. पुढची काच पश्चिमेला नको. दोन्ही साधत नसेल, तर जाळ्यांना प्राधान्य द्या, काचेला आवरण आहे. जाळ्यांवर ऊन येणं टळतच नसेल, तर हातभर अंतरावर दोरी बांधून तिच्यावर पंचा टाका. जाळीला चिकटवून नाही, गरम हवा बाहेर पडायला वाट हवी.

ग) समतल करा. टेबलावर पाण्याचा पेला ठेवा. गाडी तीन अंशांहून जास्त कलली तर गॅस-विजेवर चालणारा तो तिहेरी फ्रीज थंड करणं सोडून देतो. रॅम्पवर चढा, हँडब्रेक लावा, पाचरी घाला.

घ) वीज. केबल गुंडाळीवरून पूर्ण सोडा, उरलेली वेटोळी करून ठेवू नका. एसीच्या लोडवर वेटोळं तापून वितळतं. आधी गाडीत प्लग, मग खांबावर. काढताना उलट.

च) फ्रीज विजेवर टाका. ही पायरी विसरली जाते. गाडी थांबली की १२ व्होल्ट बंद होतं आणि फ्रीज गुपचूप गरम होत बसतो.

छ) एसी तीनलाच लावा, खिडक्या बंद करून, काचेचं आवरण लावून. आठला लावला तर तापलेल्या भिंती गार करण्यातच रात्र जाते.

ज) ऑनिंग सगळ्यात शेवटी, आणि झोपण्याआधी न चुकता आत.

विजेचं गणित साधं आहे. १० अँपिअर म्हणजे २३०० वॅट. एसीला हजारेक लागतात. त्यात दोन हजारांची किटली लावली की खांबावरचा खटका पडतो, आणि काही ठिकाणी तो खांब कुलपात असतो. चहा गॅसवर करा. ६ अँपिअर असेल तर एसी आणि फ्रीज सोडून काहीच नको.

एसी नसेल तर दिवसभर खिडक्या आणि पडदे बंद, सूर्यास्तानंतर छताचे झरोके आणि समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या. पडदे मात्र बोटभर फट ठेवून ओढा: मोटरहोमच्या खिडक्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात, आणि काच व पडद्यात कोंडलेल्या उष्णतेने त्या वाकतात.

तारिफाची गोष्ट वेगळी. तिथे लेवांते नावाचा पूर्वेचा वारा सुटला की दिवसेंदिवस थांबत नाही. ऑनिंग उघडायचंच नाही, गाडीचं तोंड वाऱ्याकडे करायचं, आणि दार उघडताना हाताने धरून ठेवायचं. बिजागरी तुटलेली दारं तिथे नवीन नाहीत.

शौचालयाची पेटी उन्हाळ्यात दर दुसऱ्या दिवशी रिकामी करा, पेटी भरल्याचा दिवा लागेपर्यंत थांबू नका. रसायन मापाने टाका. शॅम्पूइतकं ओतून वास कमी होत नाही.

तपासा, निघताना, एकाने मोठ्याने वाचून दुसऱ्याने हात लावून: झरोके, खिडक्या, गॅस बंद, फ्रीजचं दार कुलपात, केबल आत, पायरी वर, पाचरी उचलल्या.

## ९. कॅम्पिंगबाहेर रात्र काढायची असेल तर

स्पेनच्या वाहतूक नियमांत 'उभं राहणं' आणि 'तळ ठोकणं' यात फरक केला आहे. नीट पार्क केलेल्या मोटरहोममध्ये कुणी झोपलं, तर ते पार्किंगच धरलं जातं. अट अशी की चाकं सोडून काहीही जमिनीला टेकायचं नाही, गाडीच्या बाहेर काही पसरायचं नाही आणि पाण्याचा थेंब सांडायचा नाही. म्हणजे ऑनिंग नको, खुर्ची नको, बाहेर उघडणारी खिडकीही नको. उन्हाळ्यात खिडकी न उघडता झोपायचं, यातच सगळं आलं.

शिवाय नगरपालिकांचे आपापले नियम असतात. समुद्रकिनाऱ्याच्या सरकारी पट्ट्यात तळ ठोकायला मनाई आहे, आणि काबो दे गातासारख्या संरक्षित निसर्गक्षेत्रात रात्र काढता येत नाही. रिकाम्या किनाऱ्यावर पाच गाड्या उभ्या दिसल्या म्हणून सहावी लावू नका. सकाळी सहाला पोलीस सगळ्यांनाच उठवतात. दंड झालाच तर वीस दिवसांत भरल्यास निम्मा होतो.

मधला मार्ग म्हणजे 'आरेआ', मोटरहोमसाठीचे खास तळ. स्वस्त असतात, पाणी भरता-सोडता येतं. पण बहुतेक ठिकाणी नुसतं डांबर, सावली नाही. एप्रिलमध्ये झकास, ऑगस्टमध्ये नको.

## १०. शहर बघण्याचा दिवस

मोटरहोम घेऊन जुन्या शहरात जायचं नाही. ग्रानादाच्या आल्बायसिन या जुन्या वस्तीत कॅमेरे आहेत आणि परवानगी नसलेल्या गाडीला चिठ्ठी घरपोच येते; मोठ्या शहरांत कमी प्रदूषणाची क्षेत्रंही आहेत. गाडी कॅम्पिंगवर, तुम्ही बसने. अल्हंब्राला गाडीनेच जायचं असेल, तर बाहेरच्या वळणरस्त्यावरून वरच्या बाजूच्या मोठ्या वाहनतळावर. शहरातून चढायचं नाही.

अल्हंब्राचं तिकीट नावानिशी मिळतं, पासपोर्ट बघतात, आणि आतल्या नासरी राजवाड्यांत (तिथल्या मुख्य महालांत) शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते. सकाळी साडेआठची वेळ घ्या. दुपारी एकची घेतलीत तर बागेतल्या चढणीवर म्हातारी माणसं थकतात. तिकिटं विमानाच्या तिकिटाबरोबरच काढा.

कादिझसाठी एल पुएर्तोहून बोट आहे, अर्ध्या तासात शहरात सोडते. तिथल्या पार्किंगच्या शोधाला हा उत्तम पर्याय, आणि पोरं खूश.

गाडीत मूल, आजी किंवा कुत्रा ठेवून 'पाच मिनिटांत येतो' म्हणू नका. विजेचा खटका पडला की एसी बंद, आणि ते तुम्हाला कळणार नाही.

दुकानांचं लक्षात ठेवा: छोटी दुकानं दुपारी दोन ते पाच बंद, मोठी सुपरमार्केट बहुधा रविवारी बंद. दूध-भाजी शनिवारी सकाळी घ्या. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटल्यांचं वजन वाहू नका.

## ११. परत देताना

शेवटची रात्र अशा कॅम्पिंगमध्ये, जिथून गाडी परत द्यायचा डेपो तासाच्या आत आहे. सकाळी तिथेच सांडपाणी सोडा आणि शौचालयाची पेटी रिकामी करून धुवा. डेपोत या दोन्हींचे वेगळे पैसे लागतात, आणि चांगलेच लागतात. डिझेल डेपोच्या जवळच्या पंपावर भरून पावती आणि काटा यांचा एकत्र फोटो घ्या. आतून झाडून घ्या. सिंकची जाळी उचलून खालचे मोहरीचे दाणे काढा. मग पुन्हा चारही बाजू आणि छत यांचं चित्रण, पहिल्या दिवशीसारखंच. अनामत परत जमा व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तोवर ते चित्रण मोबाइलमधून पुसू नका.